मदत हवी आहे: टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या भजनात थाप आधी दिसते, आवाज मागून येतो

माणदेशी_लेक (गुरुवार, रात्री ९:४०)
कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड केला तर आवाज मागे पडतोय. घरातलं कुणी बघायला तयार नाही. रविवारी सकाळी पुढचा भाग आहे, त्याच्या आत नीट झालं पाहिजे. कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा. सॉफ्टवेअर दोनदा काढून परत टाकलं, काही उपयोग नाही.

अँटेना (रात्री ९:५२)
कुठला सेट टॉप बॉक्स? कॉम्प्युटरला कशानं जोडलाय? सॉफ्टवेअर कुठलं? किती मागे पडतोय? सुरुवातीपासून तेवढाच की वाढत जातो? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

न्यूजर्सीकर (रात्री १०:०५)
माझ्याकडे सेम झालं होतं. भारतातून आणलेल्या लग्नाच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं. इथलं मशीन अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीचं, २९.९७ फ्रेम. बॉक्स कॉम्प्युटरला जोडणाऱ्या कार्डाचं सेटिंग बघा, नक्की एनटीएससीवर असेल. ते पालवर करा, दोन मिनिटांचं काम आहे.

टेपरेकॉर्डर (रात्री १०:११)
@न्यूजर्सीकर तसं असतं तर चित्रच धड दिसलं नसतं. काळंपांढरं तरी झालं असतं, नाहीतर वरखाली पळालं असतं. ताई चित्राबद्दल तक्रार करतच नाहीयेत.

माझा अंदाज: कार्ड आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतंय आणि फाइल ते ४४,१०० समजून वाजवतेय. ऑडिओचा सॅम्पल रेट बदला.

माणदेशी_लेक (रात्री १०:३०)
सॉरी, घाईत लिहिलं. डीडी फ्री डिश आहे. बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना एका छोट्या यूएसबी कार्डात, तिथून लॅपटॉपला. सॉफ्टवेअर कार्डाबरोबर सीडीत आलेलं. सुरुवातीला सगळं बरोबर असतं, ५० मिनिटांच्या शेवटी दोन-अडीच सेकंद मागे.

आमच्या गावचं भजन टीव्हीवर लागलंय, दोन भागांत. आबा पखवाजाला आहेत. पन्नास वर्षं वाजवतायत आणि स्वतःला वाजवताना कधी बघितलेलं नाही. मागच्या रविवारचा पहिला भाग मी रेकॉर्ड केला आणि दुपारी लावून दाखवला. शेवटच्या गजराला आबा म्हणाले, "थाप मी मारतुय आणि आवाज दुसऱ्याचाच येतुय." आणि उठून गेले. म्हणून मला हे नीट पाहिजे. दुसरा भागही आणि पहिलाही.

मिरजकर (रात्री १०:४८)
ताई, आधी एक करा. पेटी घ्या आणि रेकॉर्डिंगमधल्या षड्जाशी जुळवा. मंडळ ज्या पट्टीत गातं तीच पट्टी लागते का?

@टेपरेकॉर्डर तुम्ही म्हणता तसं ४८ आणि ४४.१ चा घोळ असता, तर आवाज जवळजवळ दीड अर्धस्वर उतरला असता. काळी दोनचा गायक पांढरी दोनच्याही खाली गेला असता. आबांच्या ते पहिल्या मिनिटाला लक्षात आलं असतं. शिवाय ५० मिनिटांत फरक अडीच सेकंद नाही, चार मिनिटांच्या वर पडला असता.

माणदेशी_लेक (रात्री ११:१५)
पेटी काढून बघितलं. पट्टी तीच आहे, काळी दोन.

टेपरेकॉर्डर (रात्री ११:२०)
बरोबर आहे, माझं चुकलं. मग दोन घड्याळांचा फरक असणार. आवाज मोजणारं आणि चित्र मोजणारं घड्याळ वेगळं असलं की तासाभरात थोडा फरक साठतो. सोपा उपाय: एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ निवडा आणि ताणण्याच्या चौकटीत ३००२.४/३००० असं प्रमाण भरा. चित्र तेवढं ताणलं जाईल, शेवट जुळेल. मी वडिलांच्या सगळ्या कॅसेट अशाच केल्या.

अँटेना (रात्री ११:२६)
हे सगळं करायचंच कशाला? बॉक्सला मागे किंवा बाजूला यूएसबीचं तोंड आहे का बघा. बऱ्याच फ्री डिश बॉक्सना पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येतं. उपग्रहावरून येणारा प्रवाह जसाच्या तसा फाइलमध्ये जातो. त्यात चित्र आणि आवाज दोघांवर वेळेचे शिक्के असतात, त्यामुळे ते एकमेकांना सोडत नाहीत. तुम्ही डिजिटलचं ॲनालॉग करून परत डिजिटल करताय, बिघाड तिथेच घुसतो.

टेपरेकॉर्डर (रात्री ११:३१)
@अँटेना पुढच्या रविवारसाठी ठीक आहे. पहिला भाग होऊन गेला, त्याचं काय?

जुनी_कॅसेट (शुक्रवार, सकाळी ६:५०)
हे वाचून आमचे दिवस आठवले. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. आमच्याकडे टीव्ही आला तो बराच उशिरा, १९८२ च्या एशियाडच्या वेळी, रंगीत. सगळी आळी ओटीवर बसायची. पुढे व्हीसीआर घेतला, कीर्तनं भरून ठेवली. तेव्हा आवाज आणि चित्र एकाच फितीवर, त्यामुळे असलं काही व्हायचं नाही. आता त्या कॅसेटवर पांढरी बुरशी आली आहे. ती काढून कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं, कुणी सांगेल का?

अँटेना (सकाळी ७:२०)
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. तोवर बुरशी असलेली कॅसेट मशीनमध्ये घालू नका. हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर पसरते.

फ्रेमबायफ्रेम (सकाळी ८:०५)
चित्र हलताना कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसतात का? पाल सिग्नल सेकंदाला ५० अर्धी चित्रं पाठवतो. डिइंटरलेस करा, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करा. याडिफ हा फिल्टर वापरा, डबल रेटला ठेवा. लोक हे विसरतात आणि आयुष्यभर खराब फाइल जपून ठेवतात.

माणदेशी_लेक (सकाळी ९:१०)
रेषा दिसतात, पण मला त्याचं काही नाही. आवाजाचं सांगा.

@टेपरेकॉर्डर तुम्ही सांगितलं तसं केलं. शेवटचा गजर जुळला! पण आता दहाव्या मिनिटाला बिघडलंय. तिथे आवाज आधी येतो आणि थाप नंतर पडते. आधी तिथे बरोबर होतं.

मिरजकर (सकाळी ९:३२)
म्हणजे फरक हळूहळू साठत नाहीये, उडी मारतोय. ताई, मूळ फाइल आबांना लावून द्या आणि फक्त हातांकडे बघायला सांगा. भजनी ठेका आठ मात्रांचा, समेची थाप त्यांना झोपेतही कळेल. कुठल्या मिनिटाला हात आणि आवाज सुटतात ते लिहून घ्या. यात त्यांच्यापेक्षा चांगलं यंत्र तुम्हाला मिळणार नाही.

टेपरेकॉर्डर (सकाळी ९:४०)
आणि मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात मूळ फाइल टाका. व्हिडिओची लांबी आणि ऑडिओची लांबी वेगवेगळी दाखवतं. दोन्ही इथे लिहा.

कायदा_मित्र (सकाळी १०:१५)
स्वतःच्या वापरासाठी रेकॉर्ड करायला हरकत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ व्या कलमात खाजगी वापराची सवलत आहे. मात्र ते यूट्यूबवर चढवणं वेगळी गोष्ट आहे, वाहिनीची परवानगी लागेल.

माणदेशी_लेक (दुपारी १:२५)
आबा दोन तास बसले. जेवायलाही उठले नाहीत. तीन जागा सांगितल्या: ११ व्या मिनिटाला, २६ व्या आणि ३८ व्या. त्यांच्या मते मधे कुठेही सुटत नाही, त्या तीन जागांवरच "चित्र दचकतं". मी बारकाईनं बघितलं तर खरंच हात एकदम पुढे उडतो.

मीडियाइन्फो: व्हिडिओ ४९ मिनिटं ५७.६ सेकंद. ऑडिओ बरोबर ५० मिनिटं.

अँटेना (दुपारी १:४०)
सापडलं. तुमचा आवाज मागे पडत नाहीये, चित्र हरवतंय. २.४ सेकंद म्हणजे २५ च्या हिशोबानं ६० फ्रेम. त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचल्याच नाहीत. सीडीतलं सॉफ्टवेअर मोकळी जागा धरून ठेवत नाही, पुढची फ्रेम आणून मागचीला चिकटवतं, म्हणून तिथून पुढे चित्र आवाजाच्या आधी पळतं.

आता सांगा, फाइल कुठे सेव्ह होते? आणि कार्ड लॅपटॉपच्या कुठल्या यूएसबीत?

माणदेशी_लेक (दुपारी १:५५)
लॅपटॉपला दोनच यूएसबी, त्यातलं एक बंद पडलंय. म्हणून हब लावलाय. हबला कार्ड, माउस आणि बाहेरची हार्ड डिस्क. लॅपटॉपमधली डिस्क भरलीय, म्हणून फाइल बाहेरच्या डिस्कवर. हे सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

अँटेना (दुपारी २:०८)
हेच सगळ्यात आधी हवं होतं! हिशोब बघा. ही छोटी कार्डं चित्र दाबून पाठवत नाहीत. ७२० गुणिले ५७६ चं चित्र, ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला २५, म्हणजे जवळपास २०.७ एमबी दर सेकंदाला. त्याच हबच्या एका तारेवरून बाहेरच्या डिस्कवर लिहिणंही चालू. डिस्क वीजही तिथूनच ओढते. ती क्षणभर अडखळली की मागे रांग लागते आणि फ्रेम टाकून दिल्या जातात. तुमचं सॉफ्टवेअर दहा वेळा काढून टाकलंत तरी हे सुटणार नाही.

रविवारसाठी: लॅपटॉपमधली डिस्क रिकामी करा, जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवा. हब काढा. कार्ड थेट चांगल्या यूएसबीत, माउस नको, टचपॅड वापरा. वायफाय आणि अपडेट बंद. सीडीतलं सॉफ्टवेअर सोडा, व्हर्च्युअलडब घ्या. त्यात सुटलेल्या फ्रेमच्या जागी आधीची फ्रेम भरली जाते आणि किती सुटल्या तो आकडा डोळ्यासमोर दिसतो. काहीच न दाबता ठेवलं तर तासाला ७५ जीबी लागतील, हफवाययूव्ही हा चित्र दाबणारा कोडेक लावलात तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि तरीही सांगतो, बॉक्समध्ये पेनड्राइव्ह लावून बघाच.

टेपरेकॉर्डर (दुपारी २:२०)
पहिल्या भागासाठी: त्या तीन जागी ऑडिओ कापा. पहिल्या जागी जितका फरक तितका काढून टाका, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कुठल्याही एडिटरमध्ये होईल.

मिरजकर (दुपारी २:२६)
नाही! आवाजाला हात लावू नका. आवाज पूर्ण आहे, हरवलंय ते चित्र. भजनातून अर्धा सेकंद कापला तर ठेका तिथेच तुटेल, एक मात्रा गायब होईल, आणि जो आयुष्यभर ठेका धरून बसला त्यालाच तुम्ही तो तुटलेला ऐकवणार. चित्राचे तिथे दोन तुकडे करा आणि मधे त्या जागची शेवटची फ्रेम धरून ठेवा. पाऊण सेकंद हात थांबलेला दिसेल, चालेल. ताल चालू राहिला पाहिजे.

टेपरेकॉर्डर (दुपारी २:३५)
मान्य. हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी बोलण्याच्याच कॅसेट केल्या, तिथे कापलेलं कळत नाही.

माणदेशी_लेक (शनिवार, रात्री ८:५०)
पहिला भाग झाला. शॉटकट या एडिटरमध्ये फ्रेम धरून ठेवल्या: ११ व्या मिनिटाला १५, २६ व्याला २५, ३८ व्याला २०. बेरीज ६०! किती फ्रेम हे आबांनीच ठरवलं. मी एकेक फ्रेम वाढवायची आणि ते "अजून", "अजून", "हां, बास" म्हणायचे.

आज व्हर्च्युअलडबनं ४५ मिनिटं तपासणी केली. सुटलेल्या फ्रेम शून्य. पण आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज जरासा आधी येतो. फरक वाढत नाही. ओळीत आलेल्या जोरकस थापांना कळतो.

अँटेना (रात्री ९:०५)
तो निराळा प्रकार आणि अगदी सोपा. कार्डाला चित्र तयार करायला आवाजापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा आणि कीबोर्डवरचं के (K) दाबत जा, दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद उशिरा होतो. तीन-चार दाबांत जुळेल. नेमका आकडा काढायचा असेल तर थाप पडते ती फ्रेम आणि आवाज येतो ती फ्रेम मोजा, एक फ्रेम ४० मिलिसेकंद. रेकॉर्डिंग झाल्यावर तेवढा उशीर ऑडिओला कायमचा लावा.

माणदेशी_लेक (रात्री ९:३०)
चार फ्रेम. म्हणजे १६०. कळलं.

जुनी_कॅसेट (रात्री ९:४५)
उद्या पाऊस आहे. डिशवर जोराचा पाऊस आला की सिग्नल जातो, केयू बँडच्या लहरी आहेत, त्या पावसात अडतात. आणि लाइटचं बघा.

माणदेशी_लेक (रात्री ९:५०)
बॉक्स आणि टीव्ही इन्व्हर्टरवर घेतलाय, लॅपटॉप बॅटरीवर तासभर चालतो. पावसाचं विठ्ठलावर.

माणदेशी_लेक (रविवार, सकाळी ११:१०)
पाऊस आला नाही. व्हर्च्युअलडबमध्ये दोन फ्रेम सुटल्या, त्याही कार्यक्रमाच्या आधी, मी चार्जर लावताना. १६० चा उशीर लावला.

@अँटेना पेनड्राइव्हवरही घेतलं. चित्र जास्त स्वच्छ आहे, तुमचं बरोबर होतं. पण ती फाइल लॅपटॉपवर उघडत नाही, फक्त त्याच बॉक्सवर चालते. मग पेनड्राइव्ह आबांच्या टीव्हीच्या बॉक्सला राहू दे, कॉम्प्युटरवरचं मुंबईला ताईला पाठवते.

आबांनी दोन्ही भाग लागोपाठ बघितले. शेवटच्या गजराला त्यांचा हात गुडघ्यावर वाजत होता, टीव्हीतल्या हाताबरोबर. मग म्हणाले, "दुसऱ्या अभंगाला मी जरा घाई केलीया." आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितलं.

मिरजकर (सकाळी ११:२४)
कितव्या मिनिटाला घाई केली म्हणाले? त्यांना विचारून सांगा. मला तो ठेका ऐकायचाय.