संताप, आक्रोश आणि श्रद्धांजली: वादग्रस्त नेत्याच्या निधनानंतरचे शब्द

प्रश्न (निपाणी)

आमच्या भागातील एका माजी लोकप्रतिनिधींचे निधन झाले. सीमाप्रश्नावरील भूमिकेमुळे त्यांना मानणारा वर्ग जितका मोठा होता, तितकाच त्यांच्यावर रोष असणारा वर्गही मोठा होता. एका संस्थेने कन्नडमध्ये काढलेले पत्रक कोणीतरी घाईघाईने मराठीत आणले आणि त्यात "पदाधिकाऱ्यांनी त्यांच्या निधनाबद्दल संताप व्यक्त केला" असे वाक्य आले. समर्थकांना तो हेतुपुरस्सर केलेला अपमान वाटला आणि विरोधकांपैकी काहींनी तेच वाक्य मिटक्या मारीत पुढे पाठवले. मूळ कन्नड पत्रकात शब्द 'संताप' हाच आहे, हे मी स्वतः वाचले. एकच संस्कृत शब्द दोन शेजारच्या भाषांत असा उलटा कसा झाला, हे जाणकारांनी सांगावे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्यांच्या राजकारणाला मी नेहमी विरोध केला, त्यांच्याविषयी 'श्रद्धांजली' हा शब्द मी लिहिलाच पाहिजे का? न लिहिल्यास माणुसकी नाही असे लोक म्हणतात, आणि लिहिताना आपण खोटे लिहीत आहोत असे मला वाटते.

उत्तर (बेळगाव)

ताई, पत्रकाचे भाषांतर करणाऱ्याच्या मनात अपमान नसावा. त्याला दोन्ही भाषा येत होत्या आणि म्हणूनच तो फसला असावा. 'तप्' म्हणजे तापणे, आणि त्याला 'सम्' हा उपसर्ग लागला की पुरते तापणे. मनाला अशी आच लागते ती दुःखानेही आणि रागानेही. कन्नडने आणि हिंदीनेही या शब्दातले दुःख धरून ठेवले, तर आजच्या मराठीने राग धरला. त्यामुळे 'संताप सूचिसिदरु' हे कन्नड वाक्य शोकप्रस्तावाचे आहे आणि 'संताप व्यक्त केला' हे मराठी वाक्य निषेधाचे आहे. कन्नडमधून मराठीत आणताना येथे 'शोक व्यक्त केला' किंवा 'दुःख व्यक्त केले' एवढेच लिहावे. त्याहून अधिक काही करण्याची गरज नाही.

मराठीने जुना अर्थ पूर्णपणे टाकलेला मात्र नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'मनस्ताप', 'पश्चात्ताप', 'अनुताप' यांत राग नाही, पोळणारे दुःख आहे. निधनवार्तेत आपण 'शोकसंतप्त कुटुंबीय' लिहितो आणि त्याच पानावर दगडफेकीच्या बातमीत 'संतप्त जमाव' लिहितो. लोकांना दुभंगणाऱ्या नेत्याच्या मृत्यूनंतर ही दोन्ही माणसे एकाच रस्त्यावर, पुष्कळदा एकाच देहात उभी असतात, आणि बातमी लिहिणाऱ्याला त्यांतले कोणते दिसले हे ठरवावे लागते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, तेव्हा मुंबई बंद कशासाठी, असा प्रश्न फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि त्या मजकुराला पसंती दर्शवणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, त्या खटल्यामागे हीच घटना होती. मोडतोड करणारे लोक शोकात असतीलही. पण त्या कृत्याची बातमी लिहिताना 'शोकाकुल अनुयायी' हा शब्द चालणार नाही. तेथे 'संतप्त' हाच शब्द हवा, आणि तोही मराठी अर्थाने. शोकाच्या शब्दाआड हिंसा झाकणे हा भाषेचा गैरवापर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (हुक्केरी)

माझ्या घरची भाषा कन्नड आणि शिक्षण मराठीतून झाले, त्यामुळे बेळगावच्या सरांच्या म्हणण्याला एक जोड देतो. 'संताप'प्रमाणेच 'आक्रोश' हा शब्दही उलटलेला आहे, परंतु त्याची दिशा बरोबर विरुद्ध आहे. मराठी बातमीत मृताच्या नातेवाइकांनी 'आक्रोश केला' म्हणजे ते हंबरडा फोडून रडले. कन्नड बातमीत 'आक्रोश व्यक्तपडिसिदरु' म्हणजे लोकांनी तीव्र संताप व्यक्त केला, अर्थात मराठीतला संताप. मुळात 'आक्रोश' म्हणजे मोठ्याने ओरडणे, आणि माणूस दुःखानेही ओरडतो व रागाने शिव्याशाप देतानाही ओरडतो. थोडक्यात, कन्नडमधला संताप हा मराठीतला शोक आहे आणि कन्नडमधला आक्रोश हा मराठीतला संताप आहे. अलीकडे मराठीतही 'जनआक्रोश मोर्चा' असे फलक दिसतात, तेथे मात्र शब्द कन्नडच्या अर्थाजवळ सरकलेला आहे.

सीमाभागात एखाद्या नेत्याच्या निधनाची बातमी दोन्ही भाषांत वाचणाऱ्याने हे दोन शब्द विशेष जपून वाचावेत. २२ ऑगस्ट २०१४ रोजी यू. आर. अनंतमूर्ती यांचे निधन झाले, तेव्हा मंगळूर आणि चिक्कमगळूर येथे काहींनी फटाके फोडल्याच्या बातम्या आल्या. ते लेखक होते, पण त्यांच्या राजकीय विधानांमुळे लोक त्यांच्याबाबत टोकाने विभागलेले होते. त्या प्रसंगी कन्नडमध्ये निधनाबद्दल 'संताप' होता आणि फटाक्यांबद्दल 'आक्रोश' होता. ही दोन वाक्ये जशीच्या तशी मराठीत उचलली, तर निधनामुळे लोक चिडले आणि फटाके ऐकून रडले, असा अर्थ होईल.

उत्तर (खानापूर)

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. 'श्रद्धांजली' म्हणजे श्रद्धेची ओंजळ, आणि 'श्राद्ध' हा शब्दही श्रद्धेवरूनच आला आहे. श्रद्धा नसेल तर 'आदरांजली' लिहावे, असे अनेक जण सुचवतात. परंतु ज्याला श्रद्धा नाही त्याला आदर तरी असतोच असे नाही, त्यामुळे ही पळवाट लांब जात नाही. पूर्वीपासून मी एक फरक पाहत आले आहे. १७ जानेवारीला सीमाभागातील मराठी माणूस १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांना 'अभिवादन' करतो, १ जूनला हिंडलगा येथील स्मारकापाशी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांनाही 'अभिवादन'च करतो. ते नमन आहे आणि आपल्या बाजूचा स्वीकारही आहे. सीमालढ्यातील ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील यांचे निधन १७ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे नेमके हुतात्मादिनीच झाले. त्या दिवशी सीमालढ्यातील माणसाला 'अभिवादन' आणि 'श्रद्धांजली' हे दोन्ही शब्द एकाच दिवशी लिहावे लागले आणि दोन्ही मनापासून लिहिता आले. विरोधकाच्या बाबतीत मात्र या दोहोंपैकी एकही शब्द हक्काने मागू नये, असे मला वाटते.

उत्तर (बेळगाव)

खानापूरच्या ताईंशी मी सहमत आहे, फक्त एक पाऊल पुढे जातो. श्रद्धांजली हा नात्याचा शब्द आहे. ती वाहणारा आणि ज्याला वाहिली तो, या दोघांमध्ये काहीतरी असल्याचे हा शब्द सांगतो. ठाकरे यांनी फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावर मुंबईत आंदोलन उभे केले, त्यामुळे बेळगावच्या मराठी माणसाने त्यांना श्रद्धांजली वाहिली ती खरी होती. त्याच नेत्याने त्यापूर्वी मुंबईतील दक्षिण भारतीयांविरुद्ध मोहीम चालवली होती, आणि ती कर्नाटकात विसरली गेलेली नाही. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन भाषांच्या शेजाऱ्यांनी त्या दिवशी हा एकच शब्द सारख्या मनाने लिहावा, ही अपेक्षाच चुकीची ठरली असती. कोणतेही शासकीय पद भूषवलेले नसताना त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. तो निर्णय सरकारचा होता. शासकीय दुखवटाही असाच आदेशाने जाहीर होतो आणि ध्वज अर्ध्यावर उतरवला जातो. त्यातून नागरिकाच्या मनात काय असावे, याचा आदेश निघत नाही.

अशा वेळी "मरणान्तानि वैराणि" हे वचन हमखास पुढे केले जाते आणि त्याचा अर्थ 'आता टीका बंद' असा सांगितला जातो. मूळ प्रसंग तसा नाही. रावणाच्या अंत्यसंस्काराला बिभीषण कचरतो, तेव्हा राम त्याला म्हणतो की वैर मरणापर्यंतच असते, आपले प्रयोजन पूर्ण झाले आहे, याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसा माझाही आहे. म्हणजे वचन आहे ते देहाच्या सन्मानाविषयी. त्याच प्रसंगी राम रावणाला अधर्माने आणि असत्याने वागलेला म्हणतो व त्याच बरोबर तेजस्वी, बलवान आणि शूरही म्हणतो. वैर संपवणे आणि मूल्यमापन संपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाल्मीकींना पुरते ठाऊक होते.

आपल्याकडे मूल्यमापन टाळण्यासाठी विशेषणांची एक सोयीची भाषा तयार झाली आहे. जो सभेत विरोधकांना शिव्या देत असे तो निधनानंतर 'रोखठोक' होतो, जो कोणाचेच ऐकत नसे तो 'ठाम भूमिकेचा' होतो आणि जागा रिकामी झाली की 'कधीही भरून न येणारी पोकळी' तयार होते. 'मेल्या म्हशीला मणभर दूध' ही म्हण याच वृत्तीसाठी आहे. तिचा रोख मृतावर नसून कौतुक करणाऱ्यांवर आहे. 'वादग्रस्त' या शब्दाबाबतही मला तक्रार आहे. 'ग्रस्त' म्हणजे ग्रासलेला, जसा दुष्काळग्रस्त. ज्याने वाद स्वतः पेटवले, त्याला वादांनी ग्रासलेला म्हटले की जबाबदारी नकळत वादावर जाते. 'त्यांनी अमुक विधान केले आणि त्यावरून वाद झाला' असे वाक्य लांब होते, पण खरे असते.

उत्तर (चिकोडी)

एक छोटीशी बाब राहिली. आपल्याकडे खरा राग शब्दांपेक्षा व्याकरणातल्या वचनात दिसतो. 'ते गेले', 'ते वारले', 'त्यांचे निधन झाले' येथपर्यंत विरोधकही येतात. ज्या क्षणी कोणी 'तो मेला' म्हणतो, त्या क्षणी आदरार्थी बहुवचन काढून घेतलेले असते. कन्नडमध्येही 'तीरिकोंडरु' आणि 'सत्त' यांत हेच अंतर आहे. टीका कितीही कठोर असली तरी आदरार्थी बहुवचन सोडू नये, एवढे पथ्य मी पाळतो.

प्रश्नकर्ती (निपाणी)

सर्वांचे आभार. वरील चर्चेच्या आधारे आमच्या मंडळासाठी पुढील मजकूर लिहिला आहे, कृपया तपासावा: "माजी आमदारांच्या निधनाबद्दल आम्ही दुःख व्यक्त करतो आणि त्यांच्या कुटुंबीयांप्रति सहवेदना व्यक्त करतो. त्यांच्या सीमाप्रश्नावरील भूमिकेला आमचा विरोध होता."

उत्तर (बेळगाव)

ताई, मजकूर चांगला आहे, दोन ठिकाणी बदल सुचवतो. पहिल्या वाक्यात 'व्यक्त करतो' दोनदा आले आहे आणि 'प्रति'मुळे वाक्य कार्यालयीन वाटते. "त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत" असे लिहावे. मनात दुःख नसेल तर 'दुःख व्यक्त करतो' हेही गाळता येईल, कारण कुटुंबाच्या दुःखात सहभागी होणे विरोधकालाही प्रामाणिकपणे शक्य असते. शेवटच्या वाक्यातील 'विरोध होता' यावरून आता तो उरलेला नाही, असा अर्थ निघतो. निधन व्यक्तीचे झाले आहे, त्यांची भूमिका मांडणारे लोक आजही आहेत. आपला विरोध भूमिकेला असेल तर "विरोध होता आणि आहे" असे लिहावे, आणि हे वाक्य नव्या परिच्छेदात घ्यावे, म्हणजे ते कुटुंबाला उद्देशून लिहिलेले वाटणार नाही.