'निर्धार' कन्नड की मराठी?

टिळकवाडीकर: तंबाखूमुक्तीच्या एका कन्नड पत्रकाचं मराठी करायचं आहे. ठळक ओळ अशी: 'निम्म निर्धारक्के बद्धरागिरि'. कच्च्या मसुद्यात 'तुमच्या निर्धाराला बद्ध राहा' असं केलंय, ते कानाला खटकतं. कन्नडमधला निर्धार म्हणजे साधा निर्णयच ना? दुसरी अडचण: विडी सोडल्यावर एखादी ओढली गेली, आणि पुन्हा रोजची सुरू झाली, या दोन अवस्थांना वेगळे शब्द हवेत.

खानापूरकर: निर्णयच. कन्नडमध्ये मीटिंगची तारीखही 'निर्धार' होते. मराठीत निर्णय कागदावर असतो, निर्धार माणसात. म्हणून निर्णय फिरवता येतो. निर्धार डळमळतो नाहीतर ढळतो. 'बद्ध' काढाच, आपल्याकडे निर्णयावर ठाम राहतात.

चिक्कोडीकर: निर्धार परवडला, 'छल' बघा! कन्नडमध्ये छल म्हणजे जिद्द, पोरांना शाबासकी देताना वापरतात. संस्कृतात कपट, मराठीत छळ. भाषांतर करणाऱ्यांनी सावध असावं.

निपाणीकर: नुसतं 'ठाम राहा' छापून विडी सुटत नाही. तलफ साधारण ५ ते १० मिनिटं टिकते आणि ओसरते. पहिले ३-४ दिवस सगळ्यात जड, ३-४ आठवड्यांत जोर बराच उतरतो. पत्रकात वेळ आणि कृती जोडून लिहा: 'जेवण झालं की बडीशेप', 'तलफ आली की १० मिनिटं थांबा, घोट घोट पाणी प्या, जागेवरून उठा'. बडीशेपेच्या जागी सुपारी नको, तिचंही व्यसन लागतं आणि तिनेही तोंडाचा कर्करोग होतो. आणि 'जर तलफ आली तर' असं लिहू नका. 'जर-तर'ला मराठीत पळवाटेचा वास आहे. 'आली की' म्हटलं म्हणजे ती येणार हे धरूनच चाललो.

दुसऱ्या अडचणीचं: एक ओढली तर नेम चुकला, रोजची झाली तर नेम मोडला. हा फरक छापाच. एक ओढल्यावर 'आता मोडलंच की' म्हणून माणूस अख्खं बंडल संपवतो. तिथेच सगळं हातातून जातं.

शहापूरकर: 'नेम चुकला' म्हणजे गोळी हुकली. 'खंड पडला' लिहा. आणि तलफ कशाला? 'आसक्ती' आहे की.

निपाणीकर: गोळी हुकली तरी नेम पुन्हा धरता येतोच की, साहेब. आसक्ती लिहिलंत तर वाचणारा कीर्तनाला बसल्यासारखा बसेल आणि कीर्तन सुटलं की बाहेर येऊन पेटवेल.

खानापूरकर: बेळगावी बोलीत कुणी 'सोडली' म्हणतच नाही, 'सोडूलोय' म्हणतात, म्हणजे सोडतोय. वर्षभर सोडूलोयच! पण खरं चाललेलं तेच असतं. पत्रकात घ्या.

शहापूरकर: छापील मजकुरात बोली नको. उद्या 'काय करूलास' म्हणून सरकारी नोटीस काढाल.

खानापूरकर: काढली तर लोक वाचतील तरी.

चिक्कोडीकर: छलावर कुणी बोललंच नाही. दहाव्या शतकातला पंप कवी महाभारतातल्या एकेकाचा एकेक गुण सांगतो, त्यात छलासाठी दुर्योधन! आणि 'जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः' हा श्लोकही दुर्योधनाच्याच तोंडी घातलेला. धर्म कळतो पण वळत नाही, अधर्म कळतो पण सुटत नाही. म्हणजे जिद्दीचा नमुना आणि कळून न वळण्याचा नमुना, माणूस एकच.

शहापूरकर: श्लोक मूळ महाभारतातला नव्हे, पांडवगीतेतला.

चिक्कोडीकर: मी कुठे मूळ म्हटलं? 'तोंडी घातलेला' म्हटलंय.

टिळकवाडीकर: मंडळी, दुर्योधन पत्रकात मावणार नाही. ठळक ओळ 'ठरवलंत ना? आता तडीस न्या' अशी केली तर?

चिक्कोडीकर: घोळ होईल. कन्नडमध्ये 'तड' म्हणजे उशीर. 'तड माडबेडा', उशीर करू नको. दोन्ही भाषा वाचणारा हसेल.

शहापूरकर: मराठी तड ही 'तट'वरून, नदीचा काठ. उशिराशी काडीचा संबंध नाही.

निपाणीकर: पण तलफ आल्यावर उशीरच तर करायचा असतो. राहू दे 'तड'.

टिळकवाडीकर: बरं, मग वरती निर्णय छापू की निर्धार?

शहापूरकर: आधी सांगा, काठालाच म्हणतात ती मराठी 'थड' आणि कन्नड 'दड', या तटाच्याच बहिणी, की मुळात कन्नडच्या?