एएमएल, प्लेटलेट्स कमी आणि डोळ्यासमोर काळा डाग

प्रश्न: भावाला एएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) निघालाय, पहिली केमो चालू आहे, प्लेटलेट्स १२ हजार. कालपासून उजव्या डोळ्यापुढे बरोब्बर मधे काळपट डाग येतोय, पेपर वाचताना अधलीमधली अक्षरंच गायब. डोळा लाल नाही, दुखतही नाही. अशक्तपणा म्हणून सोडून द्यायचं का?

प्रतिसाद १: अजिबात नको, आजच हिमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या डॉक्टरांना) सांगा आणि रेटिना, म्हणजे डोळ्याचा पडदा दाखवा. प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिन दोन्ही खाली असले की पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो मॅक्युलावर (पडद्याच्या मधल्या भागावर) झाला तर नेमकं समोरचंच दिसत नाही. ड्रॉप्स टाकून बाहुली मोठी करून बघतात, बेडवरही होतं. काउंट सुधारले की बऱ्याचदा रक्त हळूहळू शोषलं जातं. तोवर डोळे चोळू देऊ नका.

प्रतिसाद २: वरच्यांशी सहमत. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशी डोळ्याच्या नसेत शिरल्या तर मात्र इमर्जन्सी, तेव्हा एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणं, सगळं लगेच करावं लागतं. आमच्या ताईला एएलएल (रक्ताच्या कॅन्सरचाच दुसरा प्रकार) होता, तिची नजर अशीच भराभर उतरली होती.

प्रतिसाद ३: पुढे हाय डोस सायटाराबिन (केमोचं औषध) देणार असतील तर स्टिरॉइड ड्रॉप्सचं आधीच विचारून ठेवा, त्याने डोळे फार चुरचुरतात.

प्रश्नकर्ता: आत्ताच सिस्टरना सांगितलं, संध्याकाळी डोळ्यांचे डॉक्टर वॉर्डात येतायत.