क्लीव्हलँड १९५४ : १११ सामने जिंकलेल्या संघाला हरलेला म्हणायचं का?

पेठेतला_पिचर (धागाकर्ता)

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी, भांडण नंतर.

१९५४ साली अमेरिकेत दोन मोठ्या लीग होत्या, अमेरिकन आणि नॅशनल, प्रत्येकीत ८ संघ. प्रत्येक संघ आपल्या लीगमधल्या बाकी सातांशी २२-२२ सामने खेळायचा, म्हणजे एकूण १५४. पहिला आला तोच पुढे. दोन लीगच्या दोन विजेत्यांत वर्ल्ड सिरीज, आधी चार सामने जिंकेल तो जगज्जेता. उपांत्य फेरी वगैरे काही भानगड नाही.

त्या वर्षी क्लीव्हलँड इंडियन्सनी (आताचे गार्डियन्स) १११ जिंकले, ४३ हरले. ७२ टक्के. अमेरिकन लीगमध्ये ही टक्केवारी आजपर्यंत कोणालाही ओलांडता आलेली नाही. दुसरे आले न्यूयॉर्क यँकीज, १०३ विजय घेऊन. हे यँकीज म्हणजे आधीची सलग ५ वर्षं जगज्जेते. मॅनेजर (म्हणजे प्रशिक्षक) केसी स्टेंगेल यांच्या हाताखाली यँकीजनी शंभरी ओलांडली ती फक्त याच वर्षी, आणि नेमके याच वर्षी घरी बसले! क्लीव्हलँड त्याआधी ओळीने तीन वर्षं यँकीजच्या मागे दुसरं आलं होतं, त्यामुळे या १११ ची चव काय असेल बघा.

पिचर (चेंडू फेकणारे; संघाचा प्रत्येक विजय एका पिचरच्या नावावर लागतो) तर असे की यादी वाचताना दम लागतो. बॉब लेमन २३ विजय, अर्ली विन २३, माइक गार्सिया १९, आर्ट हाउटमन १५. म्हातारा होत आलेला बॉब फेलर पाचव्या नंबरला, तरी १३ जिंकून फक्त ३ हरला. बॅटिंगमध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रूझचा बॉबी आविला .३४१ च्या सरासरीने (हजार संधींत ३४१ हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं) लीगमध्ये पहिला, आणि लॅरी डोबीचे ३२ होमरन (चेंडू थेट हद्दीपार, आपल्या षटकारासारखा), तेही लीगमध्ये सर्वाधिक.

समोर आले न्यूयॉर्क जायंट्स, ९७ विजयवाले. निकाल जायंट्स ४, क्लीव्हलँड ०. २९ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर, चार दिवसांत खेळ खलास.

माझं म्हणणं एवढंच की सहा महिने जो संघ सगळ्यांना पुरून उरला, त्याला चार दिवसांवरून ‘ऐन वेळी कच खाणारा’ म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. पहिल्याच सामन्यात काय झालं ते ऐका. मैदान न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. आठवी इनिंग (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी, सामना नऊ इनिंगचा, बरोबरी असेल तर पुढे), २-२ बरोबरी, क्लीव्हलँडचे दोन जण बेसवर (तीन बेस पार करून चौथ्या, म्हणजे ‘घरी’, पोचलं की एक धाव), एकही बाद नाही. व्हिक वर्ट्झने सेंटरफिल्डला (मैदानाच्या मधल्या टोकाकडे) चेंडू असा हाणला की तो सव्वाशे मीटरच्या पुढे गेला. जायंट्सचा विली मेज बॅटरकडे पाठ करून पळत सुटला आणि खांद्यावरून येणारा चेंडू पळता पळता दोन्ही हातांत घेतला. गिरकी घेऊन फेकला, टोपी उडाली. दुसऱ्या बऱ्याच मैदानांवर तो होमरन होता, पण पोलो ग्राउंड्सची मधली हद्द ४८० फुटांच्या पलीकडे.

दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सचा बदली बॅटर डस्टी ऱ्होड्स आला. त्याने उजव्या कोपऱ्यात जो चेंडू टोलवला तो जेमतेम २६० फूट गेला, म्हणजे ८० मीटरसुद्धा नाही. त्या कोपऱ्यात कुंपणच तेवढ्यावर. होमरन, तीन धावा, ५-२.

सव्वाशे मीटरवाला बाद, ८० मीटरवाला हिरो. यावरून संघाची लायकी ठरवायची?

गल्लीतला_गुगली

असहमत. वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या पोराचा बाप असाच घटक चाचणीचे मार्क दाखवत गावभर फिरतो.

तो झेल गेला, मान्य. पण पुढचं तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. झेलानंतरही क्लीव्हलँडचा फक्त एकच बाद होता. मग एक वॉक मिळाला (चार चेंडू वाइड पडले की बॅटरला पहिला बेस फुकट), तिन्ही बेस भरले. बेस भरलेले, एक बाद, एक धाव काढली की सामना हातात. काय केलं? डेव्ह पोप स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), जिम हेगनचा चेंडू अलगद झेल. शून्य धावा! यात विली मेजचा काय दोष? दहाव्या इनिंगच्या सुरुवातीला वर्ट्झने डबल मारला (एका फटक्यात दुसरा बेस), तेव्हाही त्याला कोणी घरी आणलं नाही.

झेल प्रसिद्ध झाला म्हणून सगळं पाप त्याच्या पदरात घालू नका.

आकडेमोड

दोघंही भावनेच्या भरात आहात. जरा हिशेब करू.

क्लीव्हलँड यँकीजविरुद्ध ११-११. तिसऱ्या आलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध (९४ विजय) तेही ११-११. उरलेल्या पाच संघांविरुद्ध ८९-२१. आता हे पाच कोण? बॉस्टन ६९ विजय, डेट्रॉइट ६८, वॉशिंग्टन ६६, बाल्टिमोर ५४, फिलाडेल्फिया ५१. पाचांतला एकही निम्मे सामने जिंकू शकला नाही. बाल्टिमोरचं त्या शहरातलं ते पहिलंच वर्ष होतं आणि फिलाडेल्फियाचा संघ तर पुढच्या वर्षी गाशा गुंडाळून कॅन्सस सिटीला गेला.

म्हणजे १११ चा डोंगर बराचसा मेलेल्यांना मारून रचलाय. बरोबरीच्या संघांपुढे हे लोक बरोबर निम्मे जिंकणारे होते.

७२ टक्के जिंकणारा संघ ओळीने ४ हरण्याची शक्यता साधारण १६५ मध्ये १. पण बरोबरीच्या संघासमोर ५० टक्के धरलेत तर १६ मध्ये १. तोच निकाल, पण चमत्कार वगैरे काही उरत नाही. चार वेळा नाणं उडवून चारही वेळा काटा पडला, बस.

पेठेतला_पिचर

@आकडेमोड, तुमचा हिशेब बरोबर, निष्कर्ष चुकला. ते पाच ढिसाळ संघ काय फक्त क्लीव्हलँडच्याच वाट्याला आले होते? यँकीजही त्यांच्याशीच २२-२२ खेळले. आपसातले सामने काढून टाका : उरलेल्या सहा संघांशी यँकीज ९२-४०, क्लीव्हलँड १००-३२. त्याच ताटातलं दोघं जेवले, एक जण आठ घास जास्त जेवला. ती आठ सामन्यांची आघाडीच लीग जिंकून देते.

कमजोर संघाला रोज हरवणं सोपं असतं हा समज क्रिकेटवाल्यांचा. बेसबॉलमध्ये शेवटचा संघही तीनात एकदा पहिल्याला हरवतो. ११० पैकी फक्त २१ हरणं म्हणजे सहा महिन्यांत एकदाही गाफील न राहणं.

१२ सप्टेंबरचं उदाहरण घ्या. यँकीज क्लीव्हलँडला आले, एकाच दिवशी दोन सामने, मैदानात ८६ हजारांच्या वर माणूस. क्लीव्हलँडने दोन्ही जिंकले. तेव्हा कुठे गेली होती ‘कच’?

एरीकाठची_मावशी

मी गेली २२ वर्षं क्लीव्हलँडच्या एका उपनगरात राहते, म्हणून बोलायचा हक्क बजावते. बेसबॉल मला शेजारच्या आजोबांनी शिकवला. १९५४ ला ते अकरा वर्षांचे होते. अंगणातला बर्फ ओढताना फावडं बाजूला ठेवून त्यांनी मला तो झेल करून दाखवलाय, जानेवारीत, जाड हातमोजे घालून! पण त्यांचा राग मेजवर अजिबात नव्हता. राग होता तो मॅनेजर अल लोपेझवर.

कारण फेलर. आमच्या गावाचा देव. ऐन उमेदीतली वर्षं नौदलात घालवून परत आला. १९४८ ला क्लीव्हलँड जगज्जेतं झालं तेव्हाही वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच्या नावावर विजय नाही. १९५४ ला १३-३ असूनही लोपेझने त्याला चार सामन्यांत एक चेंडू टाकू दिला नाही. चौथ्या सामन्याला पुन्हा लेमनच. त्याने पहिला सामना दहाव्या इनिंगपर्यंत एकट्याने टाकला होता, मध्ये विश्रांती फक्त दोन दिवसांची. व्हायचं तेच झालं, पाचव्या इनिंगला त्याला काढावं लागलं, जायंट्सची ती पाळी संपली तेव्हा ७-० ने मागे. शेवटी ७-४.

आजोबा म्हणायचे, हरायचंच होतं तर फेलरला टाकून हरायचं होतं, घरचे पाऊण लाखाहून जास्त लोक बघायला आले होते.

गल्लीतला_गुगली

मावशी, आजोबांना नमस्कार, पण लोपेझचं काय चुकलं? ०-३ ने मागे असताना २३ विजयांचा पिचर सोडून ३५ वर्षांच्या माणसाला भावनेपोटी उतरवायचं? हरले असते तर याच आजोबांनी उलट शिव्या घातल्या असत्या. आणि याच लोपेझने पुढे १९५९ ला व्हाइट सॉक्सकडून यँकीजना पुन्हा मागे टाकलं. १९४९ ते १९६४ या काळात यँकीजऐवजी अमेरिकन लीग दोनदाच दुसऱ्याने जिंकली, दोन्ही वेळा मॅनेजर हाच. माणूस काही खुळा नव्हता.

आणि धागाकर्ते, पोलो ग्राउंड्सचं रडगाणं दोन सामन्यांपुरतं ठीक. तिसरा-चौथा क्लीव्हलँडच्या मैदानावर होता ना? ६-२ आणि ७-४. तिथे कुठलं २६० फुटांचं कुंपण आडवं आलं? चार सामन्यांत जायंट्सच्या धावा २१, क्लीव्हलँडच्या ९. डोबी १६ पैकी २ हिट, सरासरीत लीगमध्ये पहिला आलेला आविला १५ पैकी २. याला नशीब म्हणत नाहीत हो.

आकडेमोड

१६ पैकी २ यालाच तर नशीब म्हणतात. पंधरा-सोळा वेळच्या बॅटिंगवरून बॅटरची पत ठरवता येत असती तर डस्टी ऱ्होड्स बेब रूथच्या (बेसबॉलचा सर्वांत नावाजलेला बॅटर) शेजारी बसला असता. त्याने त्या सिरीजमध्ये ६ पैकी ४ हिट मारले, २ होमरन, ७ धावा आत आणल्या. एरवी बाकावर बसणारा गडी. पुढे किती जणांना त्याचं नाव आठवलं?

पेठेतला_पिचर

@गुगली, डोबीचं मान्य. तिसऱ्या-चौथ्या सामन्याला माझ्याकडे उत्तर नाही, तिथे ते वाईट खेळले.

पण क्लीव्हलँडचा बॅटर अल रोझेनचं बोट कोणी मोजत नाही. वर्षाच्या सुरुवातीला तो तुफान मारत होता, मग बोट मोडलं आणि ताकद गेली. तसाच खेळला.

वानखेडे_पूर्व_स्टँड

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचताना घसा दाटून आला. १९ नोव्हेंबर २०२३. सलग १० जिंकलो होतो. सेमीफायनल वानखेडेला बघितली होती, अहमदाबादची फायनल घरी. रोहित ३१ चेंडूंत ४७, मॅक्सवेलला उडवला आणि ट्रॅव्हिस हेड कव्हरवरून उलटा पळत गेला. पाठमोरा. पडता पडता झेल. मग त्यानेच १३७ मारले. हा तुमचा मेज तोच ना?

तेव्हापासून मला कोणी ‘फायनल हरलेला संघ’ म्हटलं की डोकं फिरतं. त्या स्पर्धेतला सगळ्यात चांगला संघ आपलाच होता. धागाकर्त्याला +१.

गल्लीतला_गुगली

आणि १९८३? लॉर्ड्सवर रिचर्ड्स ३३ वर, मदनलालचा चेंडू, कपिल मिडविकेटकडून उलटा पळाला. सगळ्यात चांगला संघ वेस्ट इंडीजच होता, दोनदा जगज्जेता झालेला, १८४ करायचे होते. मग तो कप परत करायचा का? आपण झेलला की पराक्रम, दुसऱ्याने झेलला की नशीब!

वानखेडे_पूर्व_स्टँड

१९८३ ला हात लावायचा नाही.

एरीकाठची_मावशी

😄 तुमचं चालू द्या. वर्ट्झबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. त्या सिरीजमध्ये १६ पैकी ८, पूर्ण .५००. पहिल्या सामन्यात तर ५ पैकी ४. आणि जगाला आठवतो तो उरलेला एक, मेजने झेललेला. पुढच्याच वर्षी त्याला पोलिओ झाला, त्यातून उठून १९५६ ला त्याने ३२ होमरन मारले. क्लीव्हलँडला मात्र १९४८ नंतर एकही वर्ल्ड सिरीज नाही. १९५४, १९९५, १९९७, २०१६, चार वेळा दारात जाऊन परत. १९९५ ला तर १४४ पैकी १०० जिंकले होते.

आणि शेजारच्या आजोबांचा आणखी एक मुद्दा, तो त्यांनी मला फावडं टेकवूनच सांगितला होता. चेंडू झेलला गेला की धावणाऱ्याला आधी आपल्या बेसला पाय लावायचा आणि मगच पुढे पळायचं. डोबी दुसऱ्या बेसवर होता. हा काही मिळत नाही असं समजून तो अर्ध्यात निघाला, परत यावं लागलं, आणि तिसऱ्या बेसपर्यंतच पोचला. तो बेसला चिकटून राहिला असता तर एवढ्या लांबच्या झेलावर दुसऱ्यावरून थेट घरी येऊन ३-२ झाले असते, असं आजोबांचं ठाम मत.

गल्लीतला_गुगली

अशक्य. मेजचा थ्रो बघितलात का?

पेठेतला_पिचर

बघितलाय. शंभर वेळा. आला असता. नवीन धागा काढतो.