मज्जारज्जूत पॅच दिसल्यावर दुसऱ्या अटॅकची वाट बघायची का?

कृष्णाकाठ, सांगली:
माझ्या धाकट्या बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे. यात प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते, तिथे इजेचे डाग म्हणजे पॅच पडतात, आणि त्रास उसळला की त्याला अटॅक म्हणतात. मान खाली घातली की पाठीतून करंट उतरायचा, पावलं बधिर व्हायची. गावात ‘मानेत गॅप आहे’ म्हणून पट्टा लावला. मिरजेत एमआरआय झाला तेव्हा मानेच्या भागात मज्जारज्जूवर एक पॅच आणि मेंदूत दोन निघाले. मिथाइलप्रेडनिसोलोन रोज 1 ग्रॅम, पाच दिवस सलाईनमधून दिलं. आता चालते. सासरचे म्हणतात, बरी झाली की, आता पुढचे अटॅक टाळायचं महागडं औषध कशाला? नवीन लग्न, मूल व्हायचंय.

माझं स्पष्ट मत, थांबू नये. स्टेरॉईडनं सूज उतरते, अटॅक लवकर आवरतो. पुढचा अटॅक त्यानं अडत नाही. मेंदूतला एखादा पॅच कळतही नाही. मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड, आणि हात, पाय, लघवी सगळ्यांचा कारभार त्यातूनच. मुख्य पाट फुटला की खालची सगळी शेतं कोरडी, तसं हे.

माणदेशी, आटपाडी:
दादा, तळमळ कळते, पण पटत नाही. ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि आपल्याकडे टीबी कमी आहे का? माझ्या चुलत्यांना सांध्यांसाठी असंच औषध सुरू केलं, जुना टीबी उफाळला. काहींचा एमएस वर्षानुवर्षं सौम्य राहतो. सहा महिन्यांनी एमआरआय करा, नवा पॅच आला तर बघा. खर्चाचं तर बोलायलाच नको.

कृष्णाकाठ:
सौम्य राहील हे आधी कुणाला कळतं? उलट मज्जारज्जूत पॅच असला की पुढे अपंगत्वाचा धोका जास्त धरतात. नव्या पॅचची वाट बघायची म्हणजे नवी इजा होऊ द्यायची, आणि झालेली इजा पुसून टाकणारं औषध आजही नाही. खर्चाचं म्हणाल तर भारतीय कंपन्यांचं रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एमएसच्या ऑक्रेलिझुमॅब या औषधापेक्षा पुष्कळ स्वस्त, सलाईनमधून, साधारण सहा महिन्यांनी एकदा.

माणदेशी:
त्या रिटुक्सिमॅबला एमएससाठी अधिकृत मान्यता नाही, हेही सांगा की.

कृष्णाकाठ:
नाही, खरंय. तरी स्वीडनमध्ये एमएसला सर्रास तेच देतात.

मावशी, सातारा:
मी न्यूरो वॉर्डात नर्स होते. एमएसच आहे ना, हे आधी बघा. पॅच सलग तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब असेल तर एनएमओचा (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एमएससारखा दिसणारा पण वेगळा आजार) संशय घ्यावा लागतो. त्यासाठी अ‍ॅक्वापोरिन-4 अँटीबॉडीची रक्ततपासणी असते. एनएमओच्या पेशंटला एमएसचं इंटरफेरॉन दिलं तर आजार बळावू शकतो. बी12 पण बघून घ्या.

कृष्णाकाठ:
मावशी, पॅच दोन मणक्यांपेक्षा लहान, एका कडेला. अँटीबॉडी निगेटिव्ह, बी12 ठीक. पाठीतल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (एमएसमध्ये बहुतेकदा दिसणाऱ्या अँटीबॉडीच्या रेघा) आले. मेंदूत आणि मज्जारज्जूत मिळून दोन ठिकाणी पॅच आणि वर हे बँड, म्हणजे एमएसच्या निदानासाठीच्या 2017 च्या मॅकडोनाल्ड निकषांनुसार पहिल्याच अटॅकला निदान होतं.

माणदेशी:
निदान मान्य. पण गरोदरपणात अटॅक आपसूक कमी होतात ना? आधी बाळ होऊ द्या, मग औषध.

मावशी:
कमी होतात, शेवटच्या तीन महिन्यांत तर फारच. पण बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत पुन्हा उसळतात, नेमकी जागरणं असताना. आणि दिवस कधी राहतील याचा नेम काय? मूल हवंय हे डॉक्टरांना आधीच सांगितलं तर त्या हिशेबानं औषध आणि वेळ ठरवता येते. बरं, तिला स्वतःला काय हवंय? लघवीची घाई किंवा अडकणं सासरी कुणी बोलून दाखवत नाही. तेही विचारा, त्यावर वेगळे उपचार आहेत.

कृष्णाकाठ:
विचारलं. तिला औषध हवंय, मूलही. लघवीचा त्रास आहे, आईलासुद्धा बोलली नव्हती. पुढच्या भेटीला नवऱ्यालाही घेऊन जातोय.

माणदेशी:
मी अजून थांबायच्याच मताचा आहे. पण तीच म्हणत असेल तर टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झाल्याशिवाय पहिलं सलाईन लावू देऊ नका.