ऋतू पाहून काम: तुमची पद्धत, मापं आणि खाचाखोचा

छपाई, माती, फोटो, लेखन, काहीही चालेल. हवा आणि उजेड पाहून कामाची आखणी कशी करता, ते नेमकं लिहा.

सायनोटाइप
सायनोटाइप म्हणजे उन्हाने निळं चित्र उमटवणारी छपाई. कागद उन्हात ठेवायची वेळ वर्षभर एकच धरून चालत नाही. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वापरताना समसमान मिसळून कागदावर लेप द्यायचा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, अतिनील किरण हवेच्या जाड थरातून येतात. मग उन्हाळ्यातली वेळ तोकडी पडते आणि धुताना निळा रंग वाहून जातो. ऋतू बदलला की चाचणीपट्टी काढाच: कागद पुठ्ठ्याने झाका, दर २ मिनिटांनी बोटभर उघडत जा. उघडा भाग निळ्यावरून करड्या, कांस्य झाकेवर आला की पुरे. दमट दिवसांत लेप अंधारात पूर्ण वाळू द्या, नाहीतर निगेटिव्ह चिकटते.

मातीकाम
मोठी, जाड भांडी दमट दिवसांत घडवावीत. सावकाश वाळली की कड आणि बूड बरोबरीने आकसतात. कोरड्या वाऱ्यात कड आधी आकसते, बूड ओलंच राहतं आणि तळाला तडा जातो. तेव्हा कडेवर प्लास्टिक गुंडाळायचं, भांडं जाळीवर ठेवायचं. भट्टीचं गणित मात्र उलटं. दमट हवेत वरून वाळलेलं भांडं आत ओलं असू शकतं. गालाला लावा, गार लागलं तर थांबा. शंका असेल तर भट्टी आधी काही तास ९० अंशांच्या आत ठेवा. ओल राहून १०० अंश ओलांडले तर वाफेने भांडं फुटतं.

सोलारग्राफी
सोलारग्राफी म्हणजे छिद्राच्या डब्यातून सूर्याची वाट फोटोपेपरवर टिपणं. माझ्या मते सूर्याचं अर्धं वर्ष कागदावर उतरवणारं याहून सुंदर काम नाही. पत्र्याच्या डब्याला सुईने बारीक छिद्र, आत कृष्णधवल फोटोपेपर, छिद्राकडे लेपाची बाजू. २१ जूनच्या सुमारास लावून डिसेंबरच्या २१-२२ला काढायचा. उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला. रोजची एक रेघ उमटते. तुटलेली रेघ म्हणजे ढग. डबा सूतभर जरी हलला तरी रेघा दुहेरी होतात, म्हणून दोन ठिकाणी आवळा. झाकणाला काळी चिकटपट्टी लावा, पाणी तिथूनच शिरतं. कागद डेव्हलप करायचा नाही; मंद उजेडात एकदाच स्कॅन करून मग संगणकावर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करायचं.

लेखन
एकच झाड, आठवड्याचा ठरलेला वार, पाच ओळी: तारीख, कळी, पान, फळ, किडे. विशेषणं टाळा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्याची नोंद शेजारी ठेवली की फरक दिसतो, आणि लिहायला विषय तिथेच सापडतो.