स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ: 'लेईआ' की 'लेयो'?

निळीशाई:
सध्या स्पॅनिशचा इम्पेर्फेक्तो, म्हणजे अपूर्ण भूतकाळ, शिकतेय. रूपं पाठ आहेत, अडतंय ते वापरात. 'लेएर' म्हणजे वाचणे, हे क्रियापद धरून नातीच्या तोंडून एक छोटा परिच्छेद लिहायला घेतलाय. मनातली वाक्यं अशी:

आजी रोज रात्री वाचायची. त्या रात्री तिने एक पत्र वाचलं. ती वाचत असताना दिवे गेले. त्या घरात ती पन्नास वर्षं राहत होती.

पहिल्यात लेईआ, दुसऱ्यात लेयो, इथपर्यंत खात्री आहे. तिसऱ्यात एकाच वाक्यात दोन काळ चालतील का? आणि चौथ्यात 'राहत होती' आहे म्हणजे बिबीआच ना (बिबीर म्हणजे राहणे)? पुस्तकात 'सवय असेल तर इम्पेर्फेक्तो, एकदाच घडलं तर इन्देफिनीदो (साधा भूतकाळ, जसं लेयो)' एवढाच नियम आहे. त्यात हे चौथं वाक्य कुठे बसवू?

भरतीओहोटी:
इतर वाचणाऱ्यांसाठी आधी रूपं. ज्यांचं मूळ रूप -आरने संपतं त्या क्रियापदांना -आबा, -आबास, -आबा, -आबामोस, -आबाइस, -आबान. -एर आणि -ईर दोन्हींना एकच साचा: -ईआ, -ईआस, -ईआ, -ईआमोस, -ईआइस, -ईआन. अनियमित क्रियापदं अख्ख्या भाषेत तीनच: सेर म्हणजे असणे (एरा), ईर म्हणजे जाणे (ईबा), बेर म्हणजे बघणे (बेईआ). वर्तमानात ज्यांचं मूळ बदलतं तीसुद्धा इथे सरळ चालतात. दुएर्मो (मी झोपते), पण दोर्मीआ (मी झोपायचे). लॅटिन अमेरिकेत 'बोसोत्रोस' (अनेकांना उद्देशून 'तुम्ही') वापरत नाहीत, त्यामुळे तिथलं स्पॅनिश शिकणाऱ्यांना एक रूप कमी शिकावं लागतं.

एकच सावधगिरी: लेईआमोस आणि लेइमोस. पहिलं 'आम्ही वाचायचो', दुसरं 'आम्ही वाचलं'. बोलण्याच्या वेगात तो मधला 'आ' सहज निसटतो.

पानगळ:
निळीशाई, तुमचं चौथं वाक्यच या काळाची खरी परीक्षा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते. मराठी विद्यार्थ्यांना मी कळकळीने सांगते की इंग्रजीमार्गे जाऊ नका. 'वाचायची' आणि 'वाचत होती' या दोन रूपांचं काम स्पॅनिशमध्ये एकटं 'लेईआ' करतं. 'वाचलं' म्हणजे 'लेयो'. दहापैकी नऊ वाक्यं एवढ्यावर बरोबर येतात.

उरलेलं दहावं वाक्य म्हणजे तुमचं चौथं. तिथे मराठीचा कान फसवतो. 'पन्नास वर्षं राहत होती' याचे मराठीत दोन अर्थ निघतात. एक, पन्नास वर्षं राहिली आणि तो काळ संपला. दोन, दिवे गेले त्या रात्री तिला तिथे पन्नास वर्षं झालेली होती आणि ती अजून तिथेच होती. स्पॅनिश हे दोन्ही वेगळं सांगते:

बिबियो सिन्क्वेन्ता आन्योस एन आकेया कासा. (राहिली, तो हिशेब मिटला.)

बिबीआ एन आकेया कासा देस्दे आसीआ सिन्क्वेन्ता आन्योस. (त्या क्षणी राहतच होती.)

किती काळ चाललं याला महत्त्व नाही. बोलणारा त्या काळाच्या आत उभा आहे की बाहेरून पूर्ण काळाकडे बघतोय, एवढंच बघायचं. म्हणूनच पुस्तकातला 'सवय' हा नियम अपुरा आहे. 'दुरान्ते आकेल आन्यो लेयो तोदोस लोस दीआस', म्हणजे त्या वर्षभर तिने रोज वाचलं. सवय आहे, रोज आहे, तरी लेयो, कारण वर्षाला दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय. 'रोज', 'नेहमी' हे शब्द दिसले की डोळे मिटून इम्पेर्फेक्तो टाकू नका, ही माझी आग्रहाची विनंती.

तिसऱ्या वाक्यात दोन काळ चालतात, नव्हे, तेच हवेत: म्येन्त्रास लेईआ, से फुए ला लुस. वाचणं चालू होतं, त्यात दिवे गेले.

निळीशाई:
कुंपणाचं लगेच पटलं! म्हणजे माझ्या परिच्छेदात बिबीआ... देस्दे आसीआ, कारण आजी अजून त्याच घरात आहे. आता पुढचं वाक्य: 'पत्रात काय असेल ते तिला माहीत होतं.' इथे साबेर, म्हणजे माहीत असणे. साबीआ की सूपो?

पानगळ:
साबीआ. इथे मात्र मराठीवर बिनधास्त विसंबा. 'माहीत होतं' म्हणजे साबीआ, 'कळलं' म्हणजे सूपो. 'मी ओळखत होते' म्हणजे कोनोसीआ, 'माझी ओळख झाली' म्हणजे कोनोसी. स्पॅनिशमध्ये काळ बदलला की अर्थ बदलतो, आणि आपण तिथे शब्दच बदलतो, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. केरेर, म्हणजे इच्छा असणे, याचं नकारी रूप तेवढं जपून वापरा. 'नो केरीआ लेएर्ला' म्हणजे तिला ते पत्र वाचायचं नव्हतं, पण कदाचित वाचलंही असेल. 'नो कीसो लेएर्ला' म्हणजे तिने वाचायला नकार दिला.

भरतीओहोटी:
परिच्छेदात 'घरात दोन पत्रं होती' असं काही येणार असेल तर आबीआ दोस कार्तास. पत्रं दोन असली तरी 'आबीआन' नाही. अस्तित्व सांगणारं आबेर एकवचनातच राहतं. बोलताना काही जण आबीआन म्हणतात, लिहिताना टाळा.

आणि लेईआ 'मी'लाही तेच, 'ती'लाही तेच. नात परिच्छेदात स्वतःबद्दल बोलू लागली की 'यो' (मी) आणि 'एया' (ती) लिहा, नाहीतर कोण वाचतंय ते कळणार नाही.

निळीशाई:
यो आणि एया घातले. शेवटचं एक: नात आजीला म्हणते, 'तुला एक विचारायचं होतं.' ती आत्ता विचारतेय, तरी मराठीत 'होतं' आहे. स्पॅनिशमध्ये वर्तमान वापरू का?

पानगळ:
नको, इम्पेर्फेक्तोच ठेवा: केरीआ प्रेगुन्तार्ते ऊना कोसा. आपण 'होतं' म्हणून जसं सौम्य बोलतो, अगदी तसंच. वर्तमानातलं 'क्येरो' व्याकरणाने बरोबर आहे, पण आजीशी बोलताना जरा थेट वाटेल.